काळीचा मोबदला ठरतो; पांढरीचे काय?

मराठी गावगाड्याने जमिनीची वाटणी दोनच शब्दांत केलेली आहे. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. पांढरीवर घरे उभी राहतात, पडतात, पडलेल्या भिंतींच्या मातीवर पुन्हा नवी घरे उभी राहतात. हा क्रम शतकानुशतके चालला म्हणजे वस्तीखालची जमीन भोवतालच्या शिवारापेक्षा उंच होत जाते. त्या उंचवट्याच्या पोटात खापरे असतात, चुलीची राख असते, विटा असतात, एखादे नाणे असते. ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत अशा माणसांचा तो एकमेव दस्तऐवज होय.

सरकार धरणासाठी भूसंपादन करते तेव्हा काळीचा दर ठरतो. तो अपुरा असतो, उशिरा मिळतो आणि त्यासाठी शेतकऱ्याला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात, हे खरे. परंतु निदान त्या दराचा रकाना अंदाजपत्रकात असतो. घरे, झाडे, विहिरी यांचेही मूल्यांकन होते. पांढरीच्या पोटातील दोन हजार वर्षांच्या वस्तीला मात्र अंदाजपत्रकात स्थान नसते. वऱ्हाडात पूर्णेच्या काठी आज नेमका हाच प्रश्न उभा आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात पूर्णाकाठी भोन नावाचे गाव आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ भास्कर देवतारे व त्यांचे सहकारी यांनी तेथे उत्खनन केले. त्यात विटांनी बांधलेल्या बौद्ध स्तूपाचा पाया आढळला आणि उत्खनकांनी तो इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाशी, म्हणजे मौर्यकाळाशी जोडला. स्तूपाबरोबर मोठ्या संख्येने प्राचीन विहिरीही सापडल्या. काही विटांनी बांधलेल्या, तर काही भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या. पवनीच्या स्तूपांचे उत्खनन १९६९-७० मध्ये झाले, तेव्हा पूर्व विदर्भातील प्राचीन बौद्ध वस्त्यांचा भक्कम पुरावा हाती आला होता. भोनच्या शोधाने तोच धागा पश्चिम विदर्भापर्यंत, पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत आणून पोहोचविला.

हेच भोन जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. नांदुरा तालुक्यातील जिगाव येथे पूर्णेवर बांधावयाच्या या धरणाला १९९० च्या दशकात मंजुरी मिळाली. त्याचे पाणी बुलढाणा व अकोला या दोन जिल्ह्यांतील शेतीला मिळावयाचे आहे. प्रकल्पाचा खर्च काही शे कोटींवरून हजारो कोटींवर गेला. अनेक गावे उठली, काही उठावयाची आहेत. आणि स्तूप वाचवावा अशी मागणी करीत बौद्ध उपासक व आंबेडकरी कार्यकर्ते रस्त्यावर आले.

या प्रश्नाकडे धरण हवे की स्तूप हवा, अशा सोप्या द्वंद्वातून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. समाजवादी कार्यकर्त्याने त्या मोहात पडता कामा नये. पूर्णेचे खोरे हा खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे. ते धड पिण्यास चालत नाही आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. येथला शेतकरी पावसावर कापूस, तूर, ज्वारी पिकवितो आणि पावसाने पाठ फिरविली की सावकाराकडे किंवा शहराकडे वळतो. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला, तेव्हा सिंचनातील विदर्भाची तूट सरकारदरबारी नोंदली गेली. त्या शेतकऱ्याला स्तूपासाठी पाण्यावर हक्क सोडण्यास सांगणे हा निष्ठुरपणा ठरेल. तथापि पाण्याच्या नावाखाली खोऱ्याची स्मृती कोणतीही नोंद न करता बुडविणे हाही निष्ठुरपणाच होय. तो पुढच्या पिढ्यांवर केलेला असतो, म्हणून आज कोणाला खुपत नाही, एवढेच.

असा पेच या देशापुढे प्रथमच आलेला नाही. त्यातून मार्ग कसा काढला गेला, हे पाहावयाचे असेल तर वऱ्हाडातील कार्यकर्त्यांनी कधीतरी कृष्णाकाठच्या नागार्जुनकोंड्याला जाऊन यावे. नागार्जुनसागर धरणाच्या जलाशयात आज ते एक बेट आहे. विजयपुरी येथून होडीने तेथे जावे लागते. ज्या पाण्यावरून होडी जाते त्याच्या तळाशी इक्ष्वाकू राजांची राजधानी होती. सातवाहनांची सत्ता ओसरल्यावर इसवी सनाच्या तिसऱ्या व चौथ्या शतकांत या राजांनी तेथून राज्य केले. चोहीकडून टेकड्यांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात विहार होते, चैत्य होते, देवळे होती, नदीवर दगडी घाट होता आणि पायऱ्यापायऱ्यांची बैठक असलेले प्रेक्षागारही होते. होडी ज्या बेटाला लागते, ते मूळचे बेट नव्हे. जलाशय भरल्यावर पाण्यावर उरलेला डोंगरमाथा आहे.

१९२६ मध्ये या स्थळाचा शोध लागला आणि पुढील काही वर्षांत लाँगहर्स्ट यांनी तेथे उत्खनन केले. कृष्णेवर मोठे धरण बांधावयाचे ठरले तेव्हा केवळ काही स्तूप उकरून भागणार नाही, हे भारतीय पुरातत्त्व विभागाच्या ध्यानी आले. १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे आर. सुब्रह्मण्यम् यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण खोरे पद्धतशीरपणे खणण्यात आले. अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतची शंभरावर स्थळे नोंदली गेली. धरणाची कोनशिला १० डिसेंबर १९५५ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते बसविण्यात आली होती. म्हणजे एकीकडे धरणाचे काम आणि दुसरीकडे उत्खनन अशी दोन्ही कामे बरोबरीने चालली. नऊ वास्तू डोंगरमाथ्यावर पुन्हा उभारण्यात आल्या, इतर अनेकांच्या प्रतिकृती करण्यात आल्या, प्रेक्षागार काठावरील अनुपू येथे हलविण्यात आले. १९६६ मध्ये बेटावर वस्तुसंग्रहालय उघडले आणि १९६७ मध्ये कालव्यांत पाणी सुटले.

या तारखांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या काळात देशाला परदेशातून धान्य आणावे लागत होते, परकीय चलनाची चणचण होती, त्या काळात एका गरीब प्रजासत्ताकाने हे केले. धरण थांबले नाही आणि इतिहासही नोंदीवाचून बुडाला नाही. यासाठी काही अद्भुत घडावे लागले नाही. पाणी भरण्यापूर्वी खणावयाचे, एवढा एक निर्णय वेळेवर झाला आणि त्यासाठी पैसा दिला गेला.

संग्रहालयाच्या दालनांतून हिंडताना दिसते ते केवळ राजवैभव नव्हे. फिकट हिरवट चुनखडीच्या फलकांवर बुद्धचरित्रातील प्रसंग कोरलेले आहेत. या राजवंशाच्या पहिल्या राजाने, चांतमूलाने, अश्वमेध केल्याचे शिलालेख सांगतात. परंतु त्याच्या घरच्या स्त्रिया बौद्ध संघाला दाने देत होत्या आणि महाचैत्याच्या उभारणीत त्याची बहीण चांतिसिरी अग्रभागी होती. राजघराण्याबाहेरच्या बोधिसिरी नावाच्या उपासिकेचाही एक लेख तेथे मिळाला. तिने ज्या आचार्यांना दान दिले त्यांच्या संबंधात काश्मीर, गांधार, चीन, वंग, वनवासी, द्रविड देश, सिंहलद्वीप अशी नावे येतात आणि त्यांतच अपरांत, म्हणजे आपले कोकणही येते. सिंहली भिक्षूंसाठी या खोऱ्यात स्वतंत्र विहार होता. बौद्ध विहारांच्या शेजारी कार्तिकेयाची आणि शिवाची देवळे होती. एका धर्माची, एका भाषेची, एका वंशाची भूमी अशी जी कल्पना आज लोकांच्या गळी उतरविली जात आहे, तिला या दगडांइतके शांत उत्तर क्वचितच मिळेल. राममनोहर लोहियांसारख्या नेत्याने राजकारणाच्या धकाधकीत भारतीय शिल्पांवर वेगळे लेखन का केले असावे, हेही अशा ठिकाणी समजते.

तेथे खोऱ्याची एक प्रतिकृतीही ठेवलेली आहे. पाण्याखाली काय गेले, कोणती वास्तू कोठे होती, हे शाळकरी मुलालाही तीवरून कळते. परंतु नेमक्या याच प्रतिकृतीपुढे एक प्रश्न मनात यावयास हवा. इक्ष्वाकूंची राजधानी बुडण्याच्या शेकडो वर्षे आधीच उजाड झालेली होती. पाणी आले तेव्हा खोऱ्यात जी माणसे राहत होती, शेती करीत होती, त्यांचे काय? संग्रहालय आहे ते राजधानीचे. उठून गेलेल्या शेतकऱ्यांचे, मजुरांचे नव्हे. सतराशे वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे काचेआड जपली गेली आणि विसाव्या शतकातील विस्थापितांची नावे सरकारी दप्तरांत राहिली. नागार्जुनकोंड्याचा हा अपुरेपणा त्याच्या थोरवीइतकाच शिकण्याजोगा आहे.

तो भरून काढण्याचा एक प्रयत्न इजिप्तमध्ये दिसतो. आस्वानचे मोठे धरण बांधताना नूबियातील मंदिरे बुडणार होती. १९६० मध्ये युनेस्कोने जगाला आवाहन केले. अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात कापून वर नेण्यात आली. फिली बेटावरील मंदिर अगिल्किया या दुसऱ्या बेटावर उभे करून १९८० मध्ये खुले झाले. या मोहिमेत भारतानेही आपला वाटा उचलला होता. ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व विभागाचे पथक नूबियातील आफये येथे उत्खननास गेले होते. जगाचे लक्ष मंदिरांवर खिळले असताना हजारो नूबियन कुटुंबे मात्र वडिलार्जित गावे सोडून कोम ओम्बोच्या परिसरात गेली. १९९७ मध्ये आस्वानला नूबिया संग्रहालय उघडले. त्यात फेरोंच्या काळातील मूर्तींबरोबर नूबियन खेड्यातील घर, शेती, लग्न, शाळा यांनाही जागा मिळाली. विस्थापितांची हानी यामुळे भरून निघाली, असे कोणी म्हणणार नाही. परंतु संग्रहालय हे मृतांइतकेच जिवंत माणसांचेही असू शकते, एवढे मात्र सिद्ध झाले.

परदेशातील अवशेष वाचविण्यास पथक पाठविणारा हा देश आहे. मग स्वतःच्या पूर्णाकाठी त्याने हात आखडता घेण्याचे कारण काय? त्याचे एक कारण अर्थकारणात आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यापासून या प्रदेशाकडे कापसाचे शेत म्हणूनच पाहण्यात आले. खामगावचा बाजार मँचेस्टरच्या गिरण्यांना जोडण्यासाठी रेल्वेचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय मेयो त्याच्या उद्‌घाटनास आले. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, ही म्हण रूढ झाली. परंतु सोने बाहेर गेले आणि कुऱ्हाड शेतकऱ्याच्या पायावर पडली. जेथून केवळ माल न्यावयाचा असतो, तेथला इतिहास जपण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटत नाही. स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी पुरती बदलली नाही. गाविलगड, नरनाळा, बाळापूर येथील किल्ल्यांना संरक्षण मिळाले ते योग्यच झाले. परंतु जेथे राजा नाही, तट नाही, केवळ विटांच्या विहिरी आणि उपासकांचा एक स्तूप आहे, अशा पांढरीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

वास्तविक भोनच्या विहिरींचे मोल खारपाणपट्ट्यातील माणसाला सर्वांत अधिक कळावयास हवे. दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात मोठी वस्ती नांदत होती आणि ती पाण्याच्या सोयीसाठी मातीची कडी भाजत होती, विटा पाडीत होती. तेव्हा जमिनीखालचे पाणी कसे होते, इतक्या विहिरी कशासाठी लागल्या, वस्ती पुढे का ओसरली, या प्रश्नांचा आजच्या सिंचनाशी संबंध नाही असे कोण म्हणेल? कापसाच्या काळ्या, निचरा न होणाऱ्या जमिनीत कालव्याचे पाणी सोडावयाचे असताना या खोऱ्याचा जुना जलव्यवहार समजून घेणे ही केवळ पुराणवस्तूंची हौस नव्हे.

या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, उत्खननाने धरण लांबते आणि लांबणीचा एकेक हंगाम शेतकऱ्याला महाग पडतो. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु तो चुकीच्या दारी केला जातो. जिगाव रखडले ते निधी वेळेवर न मिळाल्याने, भूसंपादन व पुनर्वसन लांबल्याने आणि खर्चाचे अंदाज फुगत गेल्याने. पुरातत्त्वज्ञांनी कोणाचे काम अडविलेले नाही. तीन दशकांच्या या काळात नागार्जुनकोंड्यासारखी सहा वर्षांची मोहीम अनेकदा पार पडली असती. विलंबाचा दोष खोदणाऱ्यांवर टाकणे म्हणजे कंत्राटदार आणि मंत्रालय यांना मोकळे सोडणे होय.

दुसरा आक्षेप उघडपणे कमी आणि खासगीत अधिक घेतला जातो. स्तूप हा एका समाजाचा प्रश्न आहे, असा तो आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि वऱ्हाडातील लक्षावधी दलितांनी तो मार्ग पत्करला. आपल्याच शिवारात बावीसशे वर्षांपूर्वी बुद्धाचे अनुयायी राहत होते, हे कळल्यावर त्यांना वाटणारी आस्था स्वाभाविक आहे, न्याय्य आहे. परंतु भोनच्या विहिरींचे पाणी ज्यांनी प्यायले त्यांचे वंशज आज कोणत्या जातीत व कोणत्या धर्मात आहेत, हे कोण सांगणार? तो वारसा साऱ्या वऱ्हाडाचा आहे. स्तूपाची मागणी करणाऱ्यांना एकटे सोडले, तर पाण्याची वाट पाहणारा शेतकरी आणि स्तूपासाठी झगडणारा भूमिहीन मजूर यांना एकमेकांसमोर उभे करणे सत्ताधाऱ्यांना अवघड जाणार नाही. हे घडू न देणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे पहिले काम आहे.

१९२१ च्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापट शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. १९७० च्या दशकात बाबा आढावांसारख्यांनी धरणग्रस्तांना संघटित केले आणि आधी पुनर्वसन, मग धरण ही मागणी महाराष्ट्रभर पोहोचविली. १९७६ चा पुनर्वसन कायदा हे त्या लढ्याचे फळ होते. त्याच न्यायाने आता आधी उत्खनन, मग पाणी हे तत्त्व मान्य करून घ्यावयास हवे. ही नवी मागणी नव्हे. जुन्या मागणीचाच तो विस्तार आहे. माणसाला उठविण्यापूर्वी त्याची सोय लावणे आणि त्याची पांढरी बुडविण्यापूर्वी तिची नोंद करणे, ही एकाच कर्तव्याची दोन अंगे होत.

यास्तव मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्राची पुरातत्त्वीय पाहणी सक्तीची करावी आणि तिचा खर्च सिमेंट-लोखंडाप्रमाणे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा. भोनच्या स्तूपाला बांध घालून जागीच वाचविता येईल की तो हलवावा लागेल, याचा निर्णय पुरातत्त्वज्ञ, अभियंते व स्थानिक प्रतिनिधी यांच्या समितीने जाहीरपणे करावा आणि तो होईपर्यंत त्या जागेवर पाणी येऊ देऊ नये. राहिलेल्या पांढरीचे उत्खनन तातडीने पुरे करावे. वस्तू अभ्यासासाठी पुण्याला किंवा नागपूरला गेल्या तरी त्यांचे कायमचे घर पूर्णेच्या खोऱ्यातच असावे. तेथे मराठीत माहिती लिहिलेले, शेतमजुराच्या मुलाला परवडेल अशा दरात पाहता येणारे संग्रहालय उभारावे. त्यात स्तूपाच्या विटांबरोबर उठून गेलेल्या प्रत्येक गावाचे नाव, नकाशा, तेथील घराचा नमुना, अवजारे आणि वयोवृद्धांच्या आठवणी असाव्यात. याबरोबरच विस्थापितांचे थकलेले मोबदले व नव्या गावठाणातील अपुऱ्या सोयी यांचा हिशेबही त्याच मुदतीत पुरा व्हावा.

यांपैकी बरेचसे काम सरकारची वाट न पाहता आजच सुरू करता येईल. अमरावती व अकोल्याच्या महाविद्यालयांतील इतिहास-अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन उठणाऱ्या गावांतील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून शिवारांची नावे, पाणवठे, देवस्थाने, बलुत्यांचे व्यवहार लिहून घेता येतील. पांढरी माती घरासाठी उकरताना कोणाला विटा, मणी, नाणी सापडली असतील, त्यांची नोंद करता येईल. ग्रामसभांमध्ये ठराव करून घेता येतील. आणि धरणग्रस्तांच्या सभेत स्तूपाचा व उपासकांच्या सभेत पाण्याचा प्रश्न मांडता येईल. या कामाला मोठा निधी लागत नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे. पूर्णेला पावसाळ्यात पूर येतो तेव्हा ती कोणाच्या निवेदनाच्या उत्तरासाठी थांबत नाही, हे खोऱ्यातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. कार्यकर्त्यांनीही ते ध्यानी घेऊन पुढच्या पावसाळ्याआधी गावे वाटून घ्यावीत आणि कामाला लागावे.